मक्षिकास्थाने मक्षिका

दर मंगळवारी रग्बी क्लबच्या मागच्या खोलीत
आम्ही अकराजण माशा बांधतो.
मारत नाही, बांधतो.
घरच्यांच्या लेखी दोन्ही एकच.

टेबलाच्या काठाला चिमटे आवळलेले,
चिमट्यात तांदळाएवढा गळ,
गळावर सशाच्या कानाची लव, मेण चोळलेला दोरा,
मोरपिसाची एक काडी, दोन वेढे.
(मोर आमच्यातल्या कुणी पाहिलेला नाही.
तो पाकिटातून येतो, दीड पौंडाला.)
मग गाठ. मग वार्निशचा थेंब.
मग इदवल चष्मा कपाळावर सरकवून
ती उजेडात धरतो आणि म्हणतो, "हं."
ते "हं" मिळवायला मला चार हिवाळे लागले.

इदवल लहान होता तेव्हा ही नदी काळी होती.
वरच्या खाणीत कोळसा धुवायचे,
खाली पाणी शाई होऊन यायचं.
पोरं त्यात बोट बुडवून
चॅपेलच्या भिंतीवर नावं लिहायची.
मासा म्हणजे शुक्रवारचा, तळलेला, कागदातला.
मग खाण बंद पडली. गाव बसलं.
नदी मात्र उठली, हळूहळू,
लांबच्या दुखण्यातून उठावं तशी,
आणि पुलाखाली कुणालातरी पहिला ट्राउट दिसला.
कुणाला, यावर अजून भांडणं आहेत.

गेथिन गेला फेब्रुवारीत.
एलिनेड त्याचा डबा घेऊन आली,
पत्र्याचा, खोकल्याच्या गोळ्यांचा.
"रॅफलमध्ये घाला," म्हणाली,
आणि चहा न घेता गेली.
आत साठ माशा. साठही वाकड्या.
शेपूट लांब, डावा पंख कललेला,
बांधता बांधताच शिंकल्यासारख्या.
आम्ही त्यांना हयातभर हसलो होतो.
तोही हसायचा, डबा खिशात टाकायचा
आणि एकटाच वरच्या वळणाला जायचा.

मेमधली एक संध्याकाळ.
आल्डरच्या फांद्यांखाली पाण्यावर वर्तुळं.
माझी सुबक माशी त्यांच्यावरून वाहत गेली.
मासा वर आला, पाहिलं,
मानपान राहिलेल्या व्याह्यासारखा
तोंड फिरवून गेला.
इदवलने दिलेलीही त्याने नाकारली,
जिला इदवल स्वतःच "हं" म्हणाला होता.
मग खिसा चाचपला. गेथिनची बांधली.
(हो, रॅफलआधी एक उचलली होती मी.
हिशेब माझ्याकडेच असतो.)
पडली तीही आडवीच.
आणि पाणी फुटलं.

दीड वीत. पोट लोण्याच्या रंगाचं,
पाठीवर काळे ठिपके, मध्येच लाल.
ओल्या तळहातात धरला, गळ सोडवला,
प्रवाहाकडे तोंड करून दिला.
क्षणभर तो तिथेच थांबला,
जायचं कुठे ते आठवत असल्यासारखा.

पुढच्या मंगळवारी सगळ्यांनी तशीच बांधायला घेतली.
मधोमध ती एक, चावून पिंजारलेली,
भोवती आम्ही, नकलाकार.
शेपूट लांब ठेवता आली.
पंख कलेना.
कलवला तर तो कलवलेला दिसे.
चार-चार दशकं मुरलेल्या हातांना
एका मेलेल्या माणसाची चूक उतरवता येईना.

नेरिस नर्स होती, जिल्ह्याच्या इस्पितळात.
तीच म्हणाली, विणता विणता बोलावं तसं:
त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं मिटत नव्हती.
सत्तरच्या आसपास, खाणीचं छत.
तुम्हाला माहीत नव्हतं?

नव्हतं. त्याच्या हाताकडे कोण बघायचं?
आम्ही त्याच्या माशीकडे बघायचो.

तिने प्रथमोपचाराच्या पेटीतून पांढरी पट्टी काढली.
आता अकराजण करंगळी आणि शेजारचं बोट
फळीसारखं जखडून बसलेत.
दोरा निसटतो. पीस उडून चहात पडतं.
वेल्शमधल्या शिव्या, चॅपेलवाल्यांच्याही.
पहिली इदवलची झाली.
त्याने चष्मा वर सरकवला, उजेडात धरली,
बराच वेळ.

"अजून फार सरळ आहे," म्हणाला,
आणि दातांनी गाठ सोडवू लागला.